खाल्लें मीठ

भाषेंतील कित्येक शब्द असे असतात, कीं ते रोज तोंडीं येतात म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. मीठ हा त्यांपैकींच एक शब्द होय. सोनें आणि मोतीं यांच्यावर कवींनीं पुष्कळ लिहिलें. परंतु सामान्य माणसाच्या बोलण्यांत इमान, चहाडी, मौन, दृष्ट आणि दारिद्र्य या साऱ्या गोष्टी सांगण्यास जो पदार्थ कामास आला, तो मीठच. धन्याशीं प्रामाणिक राहणारा खाल्ल्या मिठाला जागतो. दुःखितास टोचून बोलणारा त्याच्या जखमेवर मीठ चोळतो. चहाडखोर तिखटमीठ लावून सांगतो. विचारलें असतां गप्प बसणाऱ्यानें मिठाची गुळणी धरलेली असते. मुलाला दृष्ट लागूं नये म्हणून आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. आणि गरिबाच्या घरीं पाहुण्यापुढें जी येते ती मीठभाकर. जमून आलेल्या कार्यांत कोणी बिघाड केला, तर त्यानें दुधांत मिठाचा खडा टाकला असें म्हणतात. अशा संप्रदायांचा मोठा संग्रह य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनीं १९४२ व १९४७ सालीं दोन भागांत निघालेल्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशां'त करून ठेवला आहे. एकाच साध्या शब्दाभोंवतीं एवढा परिवार कां जमावा, याचा शोध घेऊं लागलें असतां तो शोध कोशाच्या पानांवर थांबत नाहीं. तो दरबारांत जातो, छावणींत जातो, आणि शेवटीं उरण-पनवेलच्या खाडीकांठीं येऊन पोंचतो.

प्रथम खुद्द शब्दाचेंच पाहावें. मराठींतील 'मीठ' हा शब्द संस्कृत 'मृष्ट' किंवा 'मिष्ट' या शब्दापासून आलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ रुचकर, गोड असा आहे. हिंदींत 'मीठा' म्हणजे अजूनहि गोडच. गुजरातींत तर 'मीठुं' या एकाच शब्दानें गोड आणि खारट पदार्थ, दोहोंचाहि बोध होतो. ज्याच्यावांचून अन्नास गोडी नाहीं त्यालाच मराठी माणसानें गोड म्हटलें, यांत विसंगति नाहीं. खारटपणाचा मूळ संस्कृत शब्द 'लवण'. तोहि मराठींतून गेला नाहीं. वेष पालटून राहिला. 'अलवण' याचें 'अळणी' झालें. खाऱ्या पाण्याच्या सरोवरासाठीं प्रसिद्ध असलेल्या लोणार गांवाच्या नांवांत तो आहे. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून घाट चढून जाणाऱ्या लमाणांचें नांवहि लवणावरूनच पडलें, असें मानतात. आणि सौंदर्यास जो 'लावण्य' हा शब्द योजतात, त्याचाहि मूळ अर्थ खारेपणा, म्हणजे चव असाच आहे. रूप असून लावण्य नसेल तर तें रूप अळणी होय, हें सांगण्यास निराळ्या अलंकाराची गरजच नाहीं. शब्दाच्या पोटांतच तो अलंकार आहे.

इंग्रजी भाषेंतहि मिठाचे संप्रदाय कमी नाहींत; परंतु ते निराळ्या घरांतून आले आहेत. मध्ययुगांत तेथील सरदारांच्या मेजवानीच्या मेजावर मिठाचें एक मोठें, पुष्कळदां चांदीचें, पात्र ठेवीत. त्या पात्राच्या वरच्या अंगास यजमान व मानकरी बसत, आणि खालच्या अंगास कमी योग्यतेचे लोक. त्यावरून 'मिठाच्या वर' आणि 'मिठाच्या खालीं' बसणें हे मान आणि कमीपणा दाखविणारे प्रयोग झाले. महाराष्ट्रांतील पंक्तिप्रपंचाचीच ही इंग्रजी आवृत्ति म्हणावयाची! आयुष्यभर समुद्र पाहिलेल्या खलाशास इंग्रज 'जुनें मीठ' म्हणतो. निकामी खाण विकतांना लबाड मालक तींत खरें सोनें पेरून ठेवी. या ठकबाजीस त्या भाषेंत खाणीला मीठ लावणें म्हणतात. पैसा गुपचूप बाजूस टाकून ठेवण्यास 'सॉल्ट अवे' असें जोडक्रियापद आहे. हिंवाळ्याच्या बेगमीसाठीं मांस खारवून पिंपांत भरून ठेवण्याची तिकडील चाल ध्यानांत घेतली म्हणजे त्याचा उलगडा होतो. मराठी गृहिणीहि बेगमीसाठीं लोणचें घालते. परंतु पैशाचें लोणचें घातलें असें मराठींत कोणी कौतुकानें म्हणत नाहीं. उलट, ज्या वस्तूचा कांहीं उपयोग नाहीं तिचें काय लोणचें घालावयाचें आहे, असा प्रश्न विचारतात. मुरविण्याची क्रिया एकच, पण एका भाषेनें तींतून शहाणपण काढलें व दुसरीनें उपहास काढला.

ऐकलेल्या गोष्टीवर पूर्ण विश्वास न ठेवणें यास इंग्रजींत ती गोष्ट चिमूटभर मिठाबरोबर घेणें असें म्हणतात. या प्रयोगाचें मूळ रोमन ग्रंथकार प्लिनी यानें दिलेल्या एका कृतींत दाखवितात. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याचा पराभव केल्यावर सेनापति पाँपी याला त्या राजाच्या कागदांत विषावरील उताऱ्याची एक कृति सांपडली. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर व सताप या वनस्पतीचीं वीस पानें एकत्र कुटून त्यांत मिठाचा एक कण घालावा, आणि तें उपाशीपोटीं खाणारास त्या दिवशीं कोणतेंहि विष बाधत नाहीं, अशी ती कृति होती. विष पचविण्यास जें मीठ सांगितलें, तेंच पुढें थाप पचविण्यास उपयोगीं पडलें! आणखी एक प्रयोग येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनांतून आला. सज्जन व निर्मळ माणसांस तेथें पृथ्वीचें मीठ म्हटलें आहे. विल्यम कॅरी यानें १८०५ सालीं सेरामपूर येथें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत छापून काढलें. तेव्हांपासून हा प्रयोग मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढें आहे. तथापि ख्रिस्ती समाजाबाहेर तो बोलण्यांत रुळला नाहीं. छापलेलें सर्वच भाषेंत मुरतें असें नाहीं.

या साऱ्या प्रयोगांची तुलना केली असतां एक नियम दिसूं लागतो. जे प्रयोग शरीराच्या अनुभवांतून निघाले ते बहुतेक भाषांत सारखे आहेत. जखमेवर मीठ चोळण्याचा प्रयोग इंग्रजींत आहे, मराठींत आहे, आणि संस्कृतांतहि क्षतावर क्षार टाकण्याची उपमा जुनी आहे. जखम झोंबते ती सर्वांनाच सारखी. परंतु जे प्रयोग समाजाच्या रचनेंतून निघाले ते मात्र देशोदेशीं भिन्न आहेत. इंग्रजांचें मीठ मेजावर, जहाजावर व मांसाच्या पिंपांत होतें. म्हणून तें पंक्तीचा मान, समुद्र आणि साठवण यांविषयीं बोलतें. मराठी मीठ चुलीशीं होतें, दृष्ट काढणाऱ्या मुठींत होतें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे धन्याच्या ताटांत होतें.

हा भेद भाषांतर करणारास विशेष जाणवतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थनें हातीं घेतला व थॉमस कँडीनें तो १८४७ सालीं पुरा केला. पुढें भाषांतरमालेंतील वाक्यें घोटून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. अशा भाषांतरांत 'वर्थ हिज सॉल्ट' या प्रयोगाशीं 'खाल्ल्या मिठाला जागणारा' हा मराठी प्रयोग जुळविण्याचा मोह सहज होतो. शब्द जुळतात, पण अर्थ जुळत नाहीं. इंग्रजी प्रयोग विचारतो, कीं हा मनुष्य घेतलेल्या पगाराच्या लायकीचा आहे काय? मराठी प्रयोग विचारतो, कीं ज्यानें खाऊं घातलें त्याला हा विसरला तर नाहीं ना? एकांत कसब तोलले जातें, दुसऱ्यांत कृतज्ञता. इंग्रजींत वेतनाला जो 'सॅलरी' शब्द आहे, त्याच्या लॅटिन मुळांतहि मीठ आहे. रोमन शिपायांचा पगार मिठाच्या रूपानें चुकता होत असे, ही मात्र मागाहून प्रचारांत आलेली समजूत असून तिला प्राचीन आधार नाहीं. वेतन दिलें-घेतलें कीं हिशेब पुरा होतो. मिठाचें ऋण मात्र फिटत नाहीं. तें जन्मभर चालतें, आणि कधीं कधीं मुलाबाळांवरहि येतें.

हें ऋण राजकारणांत कसें शिरलें याचा इतिहास मनोरंजक आहे. फारसीच्या द्वारें 'निमकहलाल' आणि 'निमकहराम' हे शब्द मराठी दप्तरांत आले. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं इमानानें वागणारा तो निमकहलाल, आणि उलटणारा तो निमकहराम. शिपाईगिरी हाच ज्या काळीं हजारों घराण्यांचा चरितार्थ होता, त्या काळीं एवढ्या दोन शब्दांत मनुष्याची सारी अब्रू सामावलेली असे. ईस्ट इंडिया कंपनीनें राज्य घेतलें तेव्हां तिनें ही भावनाहि वारशानें घेतली. परदेशी व्यापाऱ्यांशीं इमान कां राखावें, याला धर्माचें किंवा देशाचें उत्तर नव्हतें. उत्तर एकच होतें, कीं कंपनीचें मीठ खाल्लें आहे. इंग्रजहि आपल्या शिपायांविषयीं 'ट्रू टु हिज सॉल्ट' असें गौरवानें बोलूं लागले. आणि १८५७ सालीं जे उठले त्यांच्यावर मुख्य ठपका आला तो मिठाला न जागल्याचा. पुढें 'सरकारचें मीठ' हा प्रयोग कचेरींतील कारकुनापर्यंत पोंचला.

पण या ठिकाणीं एक प्रश्न कित्येक वर्षें कोणी विचारला नव्हता. सरकारचें मीठ म्हणजे नक्की कोणाचें मीठ? तें सरकारनें पिकविलें होतें काय?

राज्यकर्त्याचा आणि मिठाचा संबंध जुना आहे, यांत संशय नाहीं. १६७१ सालीं शिवाजी महाराजांनीं कुडाळच्या अधिकाऱ्यास लिहिलेलें पत्र या दृष्टीनें मननीय आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडत असल्यानें व्यापारी तिकडे वळत होते, आणि स्वराज्यांतील संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडण्याची भीति होती. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा हुकूम त्या पत्रांत आहे. येथें कर आहे. परंतु तो आपल्या मुलखांतील मीठ पिकविणाराचें रक्षण करण्यासाठीं आहे.

कंपनीच्या राज्यांत हा संबंध उलटा झाला. करंजा बेट, म्हणजे आजचा उरणचा परिसर, साष्टीबरोबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम झालें. १८३७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत तयार होणाऱ्या मिठावर मणास आठ आणे कर बसला. १८४४ सालीं तो एक रुपया करतांच सुरतेंत दंगा उसळला, आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. १८८२ मध्यें हिंदुस्थानचा मिठाचा कायदा झाला, त्या वेळीं दर मणीं दोन रुपये होता. १८८८ मध्यें तो अडीच रुपये झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो उतरला, १९२३ सालीं कायदेमंडळाचा विरोध डावलून पुन्हां अडीच रुपये करण्यांत आला, आणि दुसऱ्याच वर्षीं सवा रुपयावर आला. श्रीमंताच्या ताटांत व भिकाऱ्याच्या ताटांत मीठ जवळजवळ सारखेंच लागतें. म्हणून हा कर गरिबास अधिक जाचे. परवान्यावांचून मीठ तयार करणें हा तर गुन्हाच होता. समुद्र दाराशीं असतां त्याच्या पाण्यांतून आपोआप सांचलेली मूठभर पांढरी माती उचलली, तरी मनुष्य चोर ठरे. ज्याचें मीठ खावें त्याच्याशीं इमान राखावें ही नीति खरी. पण ज्यानें दुसऱ्याचें मीठ अडवून तें आपलें म्हणून विकलें, त्याच्याशीं इमान कोणतें?

हें मीठ खरोखर कोण पिकवीत होतें, तें पाहण्यास ठाणें, पनवेल व उरण यांच्या खाड्यांकडे वळलें पाहिजे. पावसाळा सरला म्हणजे खाजणांतील बांध दुरुस्त करावयाचे. भरतीचें पाणी उघाडींतून आंत घेऊन मोठ्या तळ्यांत कोंडावयाचें. मग तें एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवीत उन्हावाऱ्यानें आटवीत न्यावयाचें. समुद्राच्या हजार लिटर पाण्यांत खाण्याचें मीठ सुमारें सत्तावीस किलो असतें. पाणी आटतांना प्रथम चुन्याचे क्षार तळाशीं बसतात, नंतर मीठ धरूं लागतें, आणि सरतेशेवटीं जें कडू पाणी उरतें तें वेळींच काढून टाकावें लागतें. नाहीं तर मीठ कडवट होतें व पाणी सुटून चिघळतें. ही वेळ ओळखण्याचें ज्ञान पुस्तकांतलें नव्हे. तें डोळ्यांचें आणि तळपायांचें. भर उन्हांत, अनवाणी, खाऱ्या पाण्यांत उभें राहून लांकडी फावड्यानें मीठ ओढावयाचें आणि मृगापूर्वीं तें गवतानें शाकारून ठेवावयाचें, असें हें काम असे. पाऊस चार दिवस आधीं आला, तर हंगामाची मेहनत जेथून आली त्याच समुद्रांत विरघळून जाई.

या वाफ्यांच्या समूहास मिठागर म्हणतात. 'आगर' हा शब्द संस्कृत 'आकर' म्हणजे खाण यापासून आला. कोंकणांत नारळी-पोफळीच्या बागेसहि आगर म्हणतात. आणि या किनाऱ्यावरील आगरी समाजाचें नांव आगरावरूनच पडलें, असें मानतात. सुशिक्षित मनुष्य एखाद्यास 'विद्येचें आगर' किंवा 'गुणांचें आगर' म्हणतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें हा खारा चिखल नसतो. परंतु शब्द तोच आहे. येथेंच मिठाच्या संप्रदायांतील एक उणीव ध्यानांत येते. 'खाल्ल्या मिठाला जागणें' यांत वाढणारा धनी आहे, खाणारा चाकर आहे. मात्र मीठ पिकविणारा कोठेंच नाहीं. वाढणाऱ्या हाताचें ऋण भाषेनें शेंकडों वर्षें जपलें आणि पिकविणारा हात ती विसरली.

१९३० सालीं ही विस्मृति कांहीं काळ तरी दूर झाली. १२ मार्च रोजीं साबरमतीहून निघालेले महात्मा गांधी ६ एप्रिल रोजीं दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलते झाले. महाराष्ट्रांत विलेपार्ले येथें सत्याग्रहाची छावणी पडली. मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले. मे व जून महिन्यांत मुंबईंतील वडाळ्याच्या मिठागरांवर हजारों लोकांचे जमाव गेले व त्यांनीं लाठ्या खाल्ल्या. ज्या सुशिक्षित घरांतून मीठ म्हणजे वाण्याच्या दुकानांतील एक पुडी एवढीच ओळख होती, त्या घरांतील स्त्रियांनीं परातींत समुद्राचें पाणी आटविलें. ब्याऐंशी पौंडांच्या मणावर सवा रुपया, हा कर जड होता. पण त्याहून मोठी गोष्ट ही, कीं 'सरकारचें मीठ' या दोन शब्दांतील पहिला शब्द त्या वर्षीं गळून पडला. मीठ समुद्राचें, उन्हाचें आणि राबणाऱ्या हातांचें आहे, हें एकदां लोकांनीं आपल्या परातींत पाहिलें म्हणजे शंभर वर्षांच्या राजनिष्ठेचा आधारच सुटला. १ एप्रिल १९४७ पासून हा कर उठला. त्यानंतर साडेचार महिन्यांनीं परकीय राज्यहि उठलें.

याच खाडीकांठीं पुढें नवी मुंबई उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नव्या शहराची आंखणी झाली. त्या जमिनींत भातशेती होती, खाजणें होतीं, मिठागरेंहि होतीं. बांध बुजले, भराव पडला, रस्ते झाले. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. शहर हवेंच होतें. मुंबईची गर्दी कोठें तरी सामावणें प्राप्त होतें. पण जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं येथील भूमिपुत्रांनीं आंदोलन केलें. १६ व १७ तारखेस झालेल्या गोळीबारांत पांच माणसें बळी पडलीं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. हें सारें एखाद्या परकीय राजवटींत घडलेलें नाहीं, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

आज देशांतील बहुतेक मीठ गुजरातेंतून येतें, आणि वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथील घरांत तें बारीक, कोरडें, पिशवींत बंद होऊन पोंचतें. ज्या मुलांचें बालपण या शहरांत जातें त्यांना मिठागर दाखवावयाचें तर चित्रांतच दाखवावें लागेल. तरीहि तीं मुलें जखमेवर मीठ चोळूं नको म्हणतात, गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. वस्तु डोळ्यांआड झाली तरी वाक्प्रचार टिकतो, हा भाषेचा गुण आहे. परंतु त्यांतच एक धोका आहे. ज्या प्रयोगामागील वस्तु दिसेनाशी होते, त्याचें ओझें हळूहळू हलकें होत जातें. मग खाल्ल्या मिठाला जागणें म्हणजे वरिष्ठाची मर्जी सांभाळणें, एवढाच अर्थ उरतो.

त्या प्रयोगांतील 'जागणें' हें क्रियापद मोठ्या विचारानें योजलेलें आहे. इंग्रजीच्या 'ट्रू' शब्दांत खरेपणा आहे. मराठींत त्या जागीं जागेपणा आहे. मीठ खाल्ल्यावर मनुष्यानें झोपूं नये, तें कोठून आलें याची शुद्ध ठेवावी, असा त्याचा मूळ आशय. तें मीठ देणारा कोण, एवढेंच पूर्वीं विचारीत. तें पिकविणारा कोण, हा प्रश्न १९३० सालानें त्याला जोडून दिला. आणि ज्या शहराच्या घरांखालींच मिठागरें गेलीं आहेत, त्या शहराला तर तो टाळतां येणार नाहीं.